वास्तववादी कादंबरी आणि शालेय ग्रंथनिवड : अमेरिकेतील अनुभव (१९६५-१९८२)

अमेरिकेत साधारणतः अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी 'मिडल स्कूल' हा स्वतंत्र टप्पा १९६० नंतर रूढ होत गेला. या वयाच्या मुलांच्या हाती कोणती कादंबरी द्यावी, हा प्रश्नही त्याच सुमारास तीव्र झाला. सप्टेंबर १९६५ मध्ये नॅन्सी लॅरिक यांनी 'सॅटर्डे रिव्ह्यू' या नियतकालिकात एक पाहणी प्रसिद्ध केली. १९६२ ते १९६४ या काळात ६३ प्रकाशकांनी काढलेल्या ५,२०६ बालपुस्तकांपैकी केवळ ३४९ पुस्तकांत, म्हणजे ६.७ टक्के पुस्तकांत, एखादी तरी कृष्णवर्णीय व्यक्ती आढळली होती. समकालीन कृष्णवर्णीय जीवनाचे चित्रण तर एक टक्क्याहूनही कमी पुस्तकांत होते. वास्तवाच्या नावाखाली मुलांना नेमके कोणाचे वास्तव दिले जात होते, हे या आकड्यांवरून पुरेसे स्पष्ट होते.

पुढील दशकात हे चित्र काही अंशी बदलले. एस. ई. हिंटन यांची 'द आउटसायडर्स' १९६७ मध्ये आली. लेखिकेने ती शाळकरी वयातच लिहिली होती. मिल्ड्रेड टेलर यांच्या 'रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय' या मिसिसिपीतील कृष्णवर्णीय शेतकरी कुटुंबाच्या कादंबरीला १९७७ चे न्यूबेरी पदक मिळाले.

मात्र निवडीची खरी कसोटी न्यूयॉर्क राज्यातील आयलंड ट्रीज येथे लागली. तेथील शिक्षण मंडळाने १९७६ मध्ये काही पुस्तके ग्रंथालयातून काढण्याचा आदेश दिला. त्यांत अ‍ॅलिस चिल्ड्रेस यांची १९७३ ची 'अ हीरो एन्ट नथिंग बट अ सँडविच' ही कादंबरी होती. तिचा नायक तेरा वर्षांचा, हेरॉइनच्या आहारी गेलेला मुलगा आहे. मंडळानेच नेमलेल्या चार पालक व चार शाळा-कर्मचाऱ्यांच्या समितीचे या कादंबरीबाबत एकमत झाले नाही. 'गो आस्क अ‍ॅलिस' हे पुस्तक ठेवावे, अशी शिफारस मात्र तिने केली. एका अनाम मुलीची खरी रोजनिशी म्हणून १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेले ते पुस्तक बिअट्रिस स्पार्क्स यांनीच रचले असल्याचे पुढे सर्वसाधारणपणे मानले जाऊ लागले. म्हणजे खरेपणाचा दावा करणाऱ्या पुस्तकाला शिफारस मिळाली आणि प्रामाणिकपणे कादंबरी म्हणवणारी कृती अधांतरी राहिली! अर्थात मंडळाने समितीच्या बहुतेक शिफारशी बाजूलाच सारल्या. केवळ एक पुस्तक विनाअट परत आले, तर रिचर्ड राइट यांचे 'ब्लॅक बॉय' पालकांच्या संमतीच्या अटीवर.

स्टीव्हन पिको या विद्यार्थ्याने सहविद्यार्थ्यांसह न्यायालयात धाव घेतली. वादींमध्ये कनिष्ठ माध्यमिक शाळेतील एक विद्यार्थीही होता, ही बाब सहसा दुर्लक्षित राहते. जून १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी विद्यार्थ्यांच्या बाजूने निकाल दिला. केवळ विचार नापसंत आहेत म्हणून शाळेच्या ग्रंथालयातून पुस्तके काढता येणार नाहीत, असे न्यायमूर्ती ब्रेनन यांनी नमूद केले. तथापि त्यांच्या मताला बहुमताचे पाठबळ लाभले नाही. न्यायमूर्ती व्हाइट केवळ निकालापुरते सहमत होते. शिवाय ब्रेनन यांनी आपले विवेचन ग्रंथालयात आधीपासून असलेली पुस्तके काढून टाकण्यापुरतेच मर्यादित ठेवले. वर्गातील अभ्यासक्रम आणि नव्या पुस्तकांची खरेदी त्यांनी त्यातून स्पष्टपणे वगळली होती. त्यामुळे जी कादंबरी मुळात विकतच घेतली गेली नाही, तिच्याविषयी हा निकाल काहीही सांगत नाही.