पाठीमागचा पडदा

मराठी नाटकाचा इतिहास आपण बहुधा संहितांच्या आधारे शिकतो. नटाच्या पाठीमागे लोंबणाऱ्या रंगीत कापडाकडे सहसा लक्ष जात नाही. भंडारा जिल्हा ज्या झाडीपट्टीत मोडतो, तेथील रंगभूमीचा विचार करताना मात्र या कापडाला वगळून पुढे जाता येत नाही, असे आम्हांस वाटते.

विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' सादर केले, तेव्हा प्रसंग जोडून सांगण्याचे काम सूत्रधाराच्या पदांकडे होते. पुढे पारशी मंडळ्यांप्रमाणे मराठी मंडळ्यांनीही चित्रित पडदे आणले, आणि स्थळ शब्दांबरोबर रंगांतूनही सांगितले जाऊ लागले. कोल्हापूरच्या आनंदराव व बाबूराव पेंटर यांचे पडदे विशेष गाजले. १९२० साली 'सैरंध्री' हा मूकपट काढणारे बाबूराव मुळात पडदे रंगवणारेच.

पडद्यावरचे अंतर हा दृष्टिभ्रम असतो. दूर जाणारे खांब लहान रंगवले की महाल खोल भासतो. परंतु नट त्या लहान खांबाशेजारी जाऊन उभा राहिला, की भ्रम तत्काळ मोडतो. म्हणून त्याला पुढे, प्रेक्षकांजवळ उभे राहून बोलावे लागते. दुसरे असे की, रस्त्याचा पडदा पुढे सोडला म्हणजे त्यामागे दरबाराची मांडामांड करता येते. तेवढा वेळ पुढच्या अरुंद जागेत कुणीतरी रंजन करावयास हवे. जुन्या नाटकांतील विनोदी प्रवेशांना आपण 'उपरे' म्हणून नावे ठेवतो. त्यांतील काहींचे मूळ नाटककाराच्या रुचीइतकेच या सोयीतही असावे, असा आमचा तर्क आहे.

१९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' आले, बंदिस्त दिवाणखान्याचे नेपथ्य प्रतिष्ठित झाले आणि पडद्यांचे युग संपले, असे आपण वर्गात सांगतो. हे पुण्या-मुंबईपुरते खरे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात धानाची कापणी उरकली की मंडईच्या आणि शंकरपटाच्या निमित्ताने गावोगावी रात्रभर नाटके होतात. राजवाडा, जंगल, रस्ता रंगवलेल्या पडद्यांची परंपरा तेथे पुढे चालत राहिली. त्यामागे व्यवहार आहे. आज एका गावी, उद्या दुसऱ्या गावी जाणाऱ्या मंडळीला दिवाणखाना पाठीवर वाहून नेता येत नाही. गुंडाळलेले अरण्य मात्र गाडीत मावते.

झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. सन्मान झाला, पण पाठ्यपुस्तकातले कालखंड तेवढ्याने बदलत नाहीत. एका शहरात जे मागे पडले, ते 'मराठी रंगभूमीवरून' गेले असे लिहिताना आपण भूगोल विसरतो. युग संपले असे लिहिण्यापूर्वी ते कोणत्या गावी संपले, हे विचारणे आम्हांस अगत्याचे वाटते.