फरशीखालची जमीन

घर पाहावयास आलेला पाहुणा प्रथम फरशीकडे पाहतो आणि तिची वाखाणणी करतो. त्या फरशीच्या खालीं काय आहे, हें विचारण्याचें मात्र कोणास सुचत नाहीं. फरशी तडकली म्हणजे दोष दगडाच्या, कारखान्याच्या किंवा गवंड्याच्या माथीं मारला जातो. खरें कारण बहुधा तिच्या हातभर खालीं दडलेलें असतें. घराच्या जमिनीचा इतिहास हा वस्तुतः या न दिसणाऱ्या थरांचा इतिहास होय. तो समजून घेण्यास मराठवाड्यांतील जालना जिल्ह्यासारखा प्रदेश फार सोयीचा आहे.

जालन्यास लोक कौतुकानें सोन्याचा पाळणा म्हणत आले आहेत. कापूस आणि ज्वारी पिकविणारी तेथील काळी माती हें त्या सोन्याचें एक मूळ. पण शेतकऱ्यास सोनें देणारी ही माती गवंड्यास खरोखरीच पाळण्यासारखी हालती वाटते. दख्खनचा काळा खडक झिजून ती तयार झाली. तिच्यांत मॉन्टमोरिलोनाइट नांवाचें खनिज असतें. त्याच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांमध्यें पाणी शिरलें कीं तें फुगतें, आणि पाणी आटलें कीं आक्रसतें. म्हणून पावसाळ्यांत जी जमीन वर उचलते, तीच वैशाखांत भेगाळून खालीं बसते. घराखालीं तर आणखी एक विषमता उत्पन्न होते. मध्यभागीं ओल टिकून राहते, आणि कडेची माती मात्र ऋतूप्रमाणें फुगत-आटत असते. एकाच खोलीची जमीन अशी दोन दिशांनीं ओढली गेली, म्हणजे फरशीनें अभंग राहावें तरी कसें?

जुन्या गवंड्यांना खनिजाचें नांव ठाऊक नव्हतें. परंतु मातीचा स्वभाव पुरता ठाऊक होता. काळी माती जोत्याच्या पोटांत राहूं द्यावयाची नाहीं, हा त्यांचा पहिला दंडक. ती उपसून खालचा मुरूम किंवा खडक गांठावयाचा, तेथून पाया उचलावयाचा, आणि जोत्यांत मुरूमच भरावयाचा. तोही एकदम नव्हे. पातळ थर पसरून, पाणी मारून, धुमसानें ठोकून, मग दुसरा थर. त्यावर दगड उभे रचून सांधे चिपांनीं भरावयाचे, त्यावर विटांचे तुकडे, सुरखी आणि घाणींत मळलेला चुना यांचा कोबा, आणि सर्वांत शेवटीं फरशी. चुना सावकाश आवळतो. म्हणून कामासही सावकाशी लागे. धुमसाचा आवाज भरीव येईतों पुढचा थर पडत नसे.

ही रीत एकट्या महाराष्ट्राची नव्हे. याच जिल्ह्यांत केळणा नदीच्या कांठीं भोकरदन हें गांव आहे. त्याचें प्राचीन नांव भोगवर्धन. १९७३ सालीं तेथें उत्खनन झालें. तेथें सांपडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीच्या अवशेषाचें साम्य, इटलींतील पाँपेई येथें १९३८ सालीं मिळालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशीं विद्वानांनीं दाखविलें आहे. सातवाहनांच्या काळीं या भूमीचे रोमन जगाशीं असे दूरचे संबंध होते. त्या रोमन जगांत जमिनी कशा करीत, हें व्हिट्रूव्हियस नांवाच्या वास्तुशास्त्रज्ञानें इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकांत लिहून ठेविलें आहे. जमीन सर्वत्र घट्ट आहे कीं नाहीं तें आधीं तपासावें; कांहीं भाग भरावाचा असेल, तर तो फार काळजीनें ठोकून घ्यावा. मग मुठीएवढ्या दगडांचा थर. त्यावर खडी व चुना, दहा-दहा माणसांच्या टोळ्यांनीं लाकडी धुमसांनीं ठोकलेला. त्यावर तीन भाग खापराचा भुगा व एक भाग चुना यांचा लेप. आणि मग फरशी. माडीवरील जमिनीखालीं एखादी भिंत थेट तळाशीं भिडली, तर फळ्या वाळून वांकतात, भिंत हालत नाहीं, आणि तिच्या रेषेंत भेग पडते, असेंही तो बजावतो. मराठी गवंड्याची सुरखी आणि रोमन गवंड्याचा खापराचा भुगा हीं भावंडेंच होत.

पुढें काळ बदलला. १९०० सालाच्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे जाणारी रेल्वे जालन्यावरून धांवूं लागली आणि दूरचें सामान आणणें सुकर झालें. १९२२ सालीं मुंबईंत सिधवा कुटुंबीयांनीं भारत फ्लोअरिंग टाइल्सची स्थापना केली. नक्षीदार सिमेंटच्या लाद्या स्वदेशांत होऊं लागल्या. सिमेंट थोड्या वेळांत कठीण होतें, म्हणून कामाचा वेग वाढला. विसाव्या शतकाच्या अखेरीस चकचकीत व्हिट्रिफाइड लाद्या आल्या. शहाबादी फरशीचा जाड दगड खालची लहानशी पोकळी पेलून धरी. सुमारें एक सेंटिमीटर जाडीची ताठ लादी ती पेलूं शकत नाहीं. वरचा थर जसजसा पातळ झाला, तसतशी खालच्या थराची जबाबदारी वाढली. नेमक्या त्याच काळांत जोत्यांत राडारोडा आणि उपसलेलीच काळी माती ढकलण्याची घाई पुष्कळ ठिकाणीं शिरली.

जुन्या दंडकाचें मर्म पुढें विज्ञानानें उलगडलें. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंतील प्राध्यापक आर. के. कट्टी यांनीं काळ्या मातीवर दीर्घ प्रयोग केले. मुरुमासारख्या न फुगणाऱ्या परंतु चिकटपणा असलेल्या मातीचा सुमारें एक मीटर जाडीचा थर दाबून बसविला, तर खालच्या काळ्या मातीचें फुगणें बव्हंशीं आवरतें, असें त्यांनीं दाखविलें. कालव्यांच्या अस्तरासाठीं हा उपाय वापरण्यांतही आला. केवळ वाळू भरून तितका गुण येत नाहीं. थराचा चिकटपणा हेंच त्यांतील रहस्य. गवंड्यानें मुरूमच कां निवडला, याचें उत्तर असें फार उशिरा मिळालें.

यांतून गृहस्थानें घ्यावयाचा बोध सोपा आहे. लादीचा रंग निवडण्यापूर्वीं जोत्यांत काय पडत आहे, हें उभें राहून पाहावें. भराव वीतभरापेक्षां जाड थरानें पडूं देऊं नये. प्रत्येक थर भिजवून ठोकला जावा. वरचें काँक्रीट निदान सात दिवस ओलें ठेवावें. लादी व भिंत यांच्यामध्यें बारीक फट सोडावी, आणि छपराचें व न्हाणीचें पाणी जोत्यापासून दूर न्यावें. लादी बसल्यावर ती बोटाच्या पेरानें वाजवून पाहावी. पोकळ आवाज आला, तर ती तेव्हांच उचलून पुन्हां बसवावी. या कामाची वाखाणणी करावयास कोणीही पाहुणा येणार नाहीं. परंतु वैशाख आणि श्रावण हे दोघे परीक्षक दरवर्षीं न चुकतां येतात, आणि त्यांची नजर फरशीच्या खालींच असते.