जमैकाचे जलसे आणि श्रोत्यांची मिळकत

इ.स. १९७८ च्या एप्रिल महिन्याची २२ वी तारीख. जमैका बेटाची राजधानी किंग्स्टन. तेथील राष्ट्रीय क्रीडांगण माणसांनीं फुलून गेलेलें. रात्र बरीच झाली असतां बॉब मार्ली या गायकानें, गाणें चालू असतांनाच, पंतप्रधान मायकेल मॅन्ली आणि विरोधी पक्षाचे पुढारी एडवर्ड सिआगा यांना रंगमंचावर बोलाविलें, आणि दोघांचे हात आपल्या हातांत घेऊन मस्तकावर उंच धरिले. ज्या दोन पक्षांचे अनुयायी राजधानीच्या गल्लीगल्लींत एकमेकांचे जीव घेत होते, त्यांचे नायक निदान क्षणभर तरी एका हाताखालीं उभे राहिले. हें चित्र जगभर गाजलें. त्याच रात्रीची दुसरी एक गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानांत राहिली नाहीं. ती गोष्ट म्हणजे प्रवेशाच्या तिकिटाची किंमत. जमैकाच्या संगीताचा इतिहास ज्याला नीट समजून घ्यावयाचा असेल, त्यानें कांहीं वेळ रंगमंचावरची दृष्टि काढून दारावर उभें राहिलें पाहिजे. आंत कोण गेला आणि बाहेर कोण राहिला, यांतच त्या देशाची पाऊणशें वर्षांची कहाणी सांठविलेली आहे.

कॅरिबियन समुद्रांतील हें बेट तीन शतकांहून अधिक काळ इंग्रजांच्या अंमलाखालीं होतें. आफ्रिकेंतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे वंशज हेच येथील बहुसंख्य रहिवासी. उंसाच्या मळ्यांवर राबण्यासाठीं इ.स. १८४५ ते १९१७ या काळांत हिंदुस्थानांतूनही सुमारें छत्तीस हजार मजूर तेथें गेले. दुसरें महायुद्ध संपलें तेव्हां किंग्स्टनच्या श्रमजीवी वस्तींतील माणसाला वाद्यवृंद ऐकावयाचा म्हटला तर सोय नव्हती. चांगले वादक हॉटेलांत वाजवीत आणि हॉटेलें गोऱ्या पाहुण्यांसाठीं असत. इ.स. १९४८ मध्यें ईव्हन ब्लेक या कृष्णवर्णी पत्रकारानें किंग्स्टनच्या मर्टल बँक हॉटेलाच्या पोहण्याच्या तलावांत उडी घेतली, तेव्हां केवढा गहजब उडाला! जेथें पाण्यांत उतरणें हाच अपराध, तेथें संगीताच्या मेजवानीला बसण्याची गोष्टच कशाला? घरीं ग्रामोफोन अगर नभोवाणीयंत्र घेण्याइतका पैसाही मजुराच्या गांठीं नव्हता.

या अडचणींतून एक युक्ति निघाली. कोणा हुन्नरी दुकानदारानें ग्रामोफोन, विजेचें ध्वनिवर्धक यंत्र आणि कपाटाएवढालीं ध्वनिपेटाडीं एकत्र करावीं, एखादें मोकळें अंगण भाड्यानें घ्यावें आणि अमेरिकेहून आणलेल्या तबकड्या रात्रभर वाजवाव्या. यालाच तेथें ‘साऊंड सिस्टिम’ म्हणूं लागले. चिनी वंशाचा टॉम वाँग हा या व्यवसायांतील आरंभीचा गाजलेला पुरुष. त्याच्या मागून पूर्वीं पोलिसांत नोकरी केलेला व पुढें दारूचें दुकान चालविणारा ड्यूक रीड आणि त्याचा प्रतिस्पर्धी क्लेमेंट डॉड हे पुढें आले. दारावर अगदीं थोडी फी घ्यावयाची. खरा नफा आंत विकल्या जाणाऱ्या बीअर, रम आणि बकऱ्याच्या रश्शावर. हा मसालेदार रस्सा हिंदी मजुरांनीं त्या बेटाला दिलेली देणगी होय. गाण्याचा खर्च अशा रीतीनें खाण्यापिण्यावर विभागला गेला, आणि ज्याच्या खिशांत एखाददुसरें नाणें असे तोही पहाटेपर्यंत नाचूं शकला.

येथें एक मोठी उलथापालथ घडून आली. श्रोत्यांची मिळकत तोकडी, परंतु श्रोते असंख्य. म्हणून तेच संगीताचे न्यायाधीश बनले. दुसऱ्याला सुगावा लागूं नये यासाठीं डॉड, रीड प्रभृति मंडळी तबकडीवरील नांवें खरवडून टाकीत. कारण एका नव्या गाण्यानें अख्खी गर्दी इकडची तिकडे होई. पुढें अमेरिकेंतील गाण्यांची तऱ्हा बदलली आणि किंग्स्टनच्या नाचणाऱ्यांना रुचणाऱ्या तबकड्या मिळेनाशा झाल्या, तेव्हां या व्यापाऱ्यांनीं स्थानिक वादकांकडून स्वतःच्याच तबकड्या करून घेण्यास सुरुवात केली. कच्ची तबकडी प्रथम अंगणांत वाजवावयाची. गर्दीनें पसंत केली तरच ती छापून विकावयाची. ‘स्का’ आणि त्यामागून ‘रेगे’ हे दोन गानप्रकार या परीक्षेंतून जन्मास आले. आश्रयदाता राजा नाहीं, सरकार नाहीं. आठवड्याच्या पगारांतून उरलेल्या चिल्लर नाण्यांनीं एका राष्ट्राचें संगीत घडविलें.

इ.स. १९६२ च्या ६ ऑगस्टला जमैका स्वतंत्र झाला. त्याच वर्षीं राष्ट्रीय क्रीडांगण उभें राहिलें आणि हजारोंचा मेळावा एका जागीं भरविण्याची सोय झाली. पुढल्या दशकांत परदेशचे नामवंत गायक येऊं लागले. इ.स. १९७४ मध्यें मार्व्हिन गे यानें कॅरिब थिएटरांत ट्रेंच टाऊन या गरीब वस्तींतील क्रीडाकेंद्राच्या मदतीसाठीं गाइलें; इ.स. १९७५ च्या ऑक्टोबरांत स्टीव्ही वंडर याचा जलसा अंधांच्या संस्थेसाठीं क्रीडांगणावर झाला. या जलशांचा हेतु परोपकाराचा होता, हें खरें. परंतु अंगणांतला नाच आणि हा जलसा यांच्या अर्थशास्त्रांत मोठा भेद होता. तेथें खर्च थोडा व तो गर्दीवर पसरलेला. येथें विमानभाडें, प्रकाशयोजना व यंत्रसामग्री यांचा बोजा आधींच पडे आणि तो तिकिटावर बसे.

त्याच सुमारास देशाची सांपत्तिक स्थिति ढांसळत चालली होती. इ.स. १९७३ नंतर खनिज तेलाचे भाव कडाडले. मॅन्ली सरकारनें बॉक्साइटवर नवी पट्टी बसविली आणि इ.स. १९७५ मध्यें किमान वेतन आठवड्याला २० जमैकन डॉलर ठरविलें. इ.स. १९७६ च्या जून महिन्यांत आणीबाणी पुकारावी लागली. त्याच वर्षीं ५ डिसेंबरला किंग्स्टनच्या हीरोज पार्कवर सरकारच्या सहकार्यानें मार्लीचा विनामूल्य जलसा ठरला. दोनच दिवस आधीं बंदूकधाऱ्यांनीं त्याच्या घरांत शिरून त्याच्यावर गोळ्या झाडल्या. तरीही तो मैदानावर आला आणि सुमारें ऐंशी हजार लोकांपुढें गाइला. तिकीट नव्हतें, परंतु निवडणूक दहा दिवसांवर आली होती, आणि फुकट जलशाची किंमत मतपेटींत वसूल होते कीं काय, अशी शंका विरोधकांनीं घेतली. दाराशीं पैसा घ्यावा तर गरीब बाहेर राहतो आणि न घ्यावा तर पुढारी आंत शिरतो, असा हा पेंच होता.

इ.स. १९७८ च्या शांतता-जलशानें या पेंचांतून वाट काढण्याचा यत्न केला. पुढाकार घेणाऱ्यांत क्लॉडी मॅसप आणि बकी मार्शल हे दोन विरुद्ध पक्षांच्या वस्त्यांतील दांडगे होते. उत्पन्न पश्चिम किंग्स्टनमधील घरें व शौचकूप यांसाठीं खर्च व्हावयाचें होतें. तिकिटें तीन दर्जांचीं होतीं आणि सर्वांत स्वस्त तिकीट दोन डॉलरांचें होतें. इ.स. १९७५ च्या किमान वेतनाच्या मापानें ही चाळीस तासांच्या आठवड्यांतील चार तासांची मजुरी झाली. आठ डॉलरांच्या वरच्या दर्जाला दोन पुरे दिवस राबावें लागलें असतें. म्हणजे त्या रात्रीं किमान वेतनाचा मजूरही आंत येऊं शकत होता, आणि म्हणूनच दोन नायकांच्या हातांना तेवढा अर्थ आला. ज्यांच्यांत वैर होतें तेच लोक बघावयास हजर होते.

परंतु पुढल्याच महिन्यांत, म्हणजे मे १९७८ मध्यें, सरकारला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशीं करार करावा लागला. चलनाचें मूल्य एकदम उतरविण्यांत आलें व पुढेंही महिन्यामहिन्याला उतरत जाईल असें ठरलें. पगारवाढीला पंधरा टक्क्यांची मर्यादा घातली गेली आणि त्या वर्षीं महागाई मात्र तीस टक्क्यांहून अधिक वाढली. जलशांत जुळलेले हात बाजारांत सुटले. पुढल्या वर्षीं मॅसप पोलिसांच्या गोळीबारांत मारला गेला आणि इ.स. १९८० च्या निवडणुकीच्या वर्षांत शेंकडों माणसें प्राणास मुकलीं.

त्याच १९७८ च्या जून महिन्यांत बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरील मोंटेगो बे या शहरीं ‘रेगे सनस्प्लॅश’ हा उत्सव सुरू झाला. आरंभीं त्याचे श्रोते बहुतेक स्थानिकच होते. उन्हाळ्यांत हॉटेलें ओस पडत. उत्सवामुळें तीं भरूं लागलीं, आणि उतरत्या हुंडणावळीनें परदेशच्या पाहुण्याला सहल वर्षागणिक स्वस्त होत गेली. इ.स. १९८४ मध्यें तर हा उत्सव लंडनपर्यंत पोंचला. इ.स. १९९३ मध्यें सनस्प्लॅश राजधानीच्या बाजूस गेला, तेव्हां मोंटेगो बे येथें ‘सम्फेस्ट’ हा नवा उत्सव उभा राहिला.

हुंडणावळीचे आंकडे बोलके आहेत. इ.स. १९७७ च्या आरंभीं एका अमेरिकन डॉलरास जमैकाचा एक डॉलरही पुरा द्यावा लागत नसे, इ.स. १९८५ मध्यें पांचाहून अधिक, इ.स. १९९२ मध्यें वीसहून अधिक, तर इ.स. २०१३ मध्यें शंभराहून अधिक द्यावे लागले. इ.स. १९७५ चें वीस डॉलरांचें किमान साप्ताहिक वेतन इ.स. २०१९ मध्यें ७,००० डॉलर झालें होतें. आंकडा साडेतीनशेंपट फुगला! तें वेतन अमेरिकन चलनांत मोजलें तर २२ डॉलरांचे सुमारें ५५ झाले, म्हणजे अडीचपट. आणि याच काळांत अमेरिकेंतील किमती साडेचारपटींहून अधिक चढल्या. ध्वनियंत्रें, दिवे, जनित्रें व त्यांचें तेल हें सर्व परदेशांतून येतें. तेव्हां जलशाचा खर्च परक्या चलनांत आणि श्रोत्याची मिळकत देशी चलनांत, अशी विपरीत जोडी जमली. त्या वर्षीं १६ मार्चला बूजू बँटन या गायकाच्या जलशास राष्ट्रीय क्रीडांगणावर तीस हजारांहून अधिक लोक जमले. परंतु विमानानें आलेला पाहुणा आणि आठवड्याला सात हजार मिळविणारा मजूर यांना एकाच तिकिटाचें ओझें सारखें वाटलें नसेल, हें उघड आहे.

मग गरीब श्रोत्यानें काय केलें? तो पुन्हां अंगणाकडे, किंबहुना रस्त्याकडे वळला. इ.स. २००३ पासून पश्चिम किंग्स्टनच्या टिव्होली गार्डन्स वस्तीनजीक दर बुधवारीं रात्रीं ‘पासा पासा’ नांवाचा नाच भरूं लागला. दारच नव्हतें, मग तिकीट कोठून असणार? कमाई होती ती भोंवतालच्या विक्रेत्यांची. निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी, भुईमूग, थंड पेयें विकणाऱ्या बायाबापड्यांचा आठवड्याचा खर्च त्या एका रात्रींत निघे. इ.स. २०१० मध्यें टिव्होली गार्डन्समध्यें सरकारी फौजांची कारवाई होऊन सत्तरांवर माणसें मेलीं आणि ती परंपरा खंडित झाली. रस्त्यावरच्या रात्रींच्या संगीताला इ.स. १९९७ च्या कायद्यानेंही वेळेचे व परवान्याचे निर्बंध घातलेले आहेत.

इ.स. २०१८ मध्यें युनेस्कोनें रेगे संगीतास मानवजातीच्या अमूर्त वारशांत स्थान दिलें. हा मान ज्या गाण्याला मिळाला, तें गाणें अंगणांतल्या गर्दीनें पारखून घेतलेलें होतें. मोठ्या जलशानें देशाला कीर्ति मिळते, हॉटेलें भरतात, परकीय चलनही येतें. या लाभांना कोणी क्षुल्लक म्हणूं नये. तथापि त्या गर्दीच्या खिशाला दार परवडेनासें झालें, तर नव्या गाण्याची पारख करणारा तो जुना न्यायाधीशच आसनावरून उठून जातो. आणि आजवर त्या बेटावर चांगलें गाणें निपजलें आहे तें त्याच्याच निवाड्यानें.