खांद्याचा हिसका : पार्किन्सन्समधील तोल तपासण्याचा इतिहास

पार्किन्सन्स म्हणजे हाताची थरथर, अशी सर्वसाधारण समजूत आहे. रुग्णाचे हाड मोडते ते मात्र बहुधा तोल गेल्यामुळे. लंडनच्या हॉक्स्टन भागातील डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजारावर निबंध लिहिला, त्यात तोलाचे वर्णन आहे, चाचणी नाही. त्यांच्या सहा रुग्णांपैकी काही रस्त्यात भेटलेले होते, एक तर लांबूनच पाहिलेला. पुढे झुकलेले धड, चालता चालता नकळत धावू लागणे, आणि तोंडावर पडू नये म्हणून रुग्णाचे खांदे थोपवत त्याच्यापुढे उलट पावलांनी चालणारा सेवक, हे सारे त्यांनी बारकाईने टिपले.

पुढच्या काळात बर्लिनच्या रोम्बर्ग यांची चाचणी रूढ झाली : पाय जुळवून उभे राहायचे आणि डोळे मिटायचे. उपदंशाने मज्जारज्जू बिघडलेला माणूस लगेच डोलू लागतो, कारण पाय कुठे आहेत हे त्याला डोळ्यांनीच कळत असते. पार्किन्सन्समध्ये ही जाणीव बरीचशी शाबूत असते. त्यामुळे रुग्ण डोळे मिटूनही उभा राहतो आणि घरी जाताना वळणावर पडतो. स्थिर उभे राहणे आणि धक्का लागल्यावर सावरणे या दोन वेगळ्या क्षमता आहेत. पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयात शार्को यांनी दुसरीला हात घातला. रुग्णाचे कपडे मागून हलकेच ओढले की तो मागे मागे जात राहतो, हे त्यांनी दाखवले.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आलेल्या निद्रारोगाच्या साथीने पार्किन्सन्ससारखी लक्षणे असलेले असंख्य रुग्ण मागे ठेवले. त्यांपैकी काहींचा लंडनच्या हायलँड्स रुग्णालयात जेम्स पर्डन मार्टिन यांनी अभ्यास केला. खालचा पृष्ठभाग कलवला की निरोगी माणूस अंग उलट दिशेला झुकवून सावरतो. या रुग्णांपैकी अनेकजण ओंडक्यासारखे कलंडत. मार्टिन यांचे पुस्तक १९६७चे. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये मार्गारेट होन आणि मेल्विन यार यांनी आजाराचे पाच टप्पे मांडले. सावरण्याची क्षमता ढासळली की तिसरा टप्पा. त्यामुळे एका हिसक्यावर रुग्णाचा टप्पा ठरू लागला, पण तो किती जोराचा, सांगून की न सांगता, यावर एकमत नव्हते. कोणी छातीवर ढकलत असे, कोणी खांदे ओढत असे.

पार्किन्सन्ससाठीच्या १९८७च्या एकत्रित मोजपट्टीत या चाचणीला ० ते ४ गुण मिळाले आणि २००८च्या सुधारित आवृत्तीने कृती नीट बांधली. रुग्ण डोळे उघडे ठेवून, पाय थोडे फाकवून उभा, परीक्षक मागे. आधी सौम्य सरावाचा हिसका, मग खांद्यांना जोरदार. एक-दोन पावलांत सावरला तर शून्य, तीन ते पाच पावले लागली तर एक, त्याहून जास्त पावलांनी स्वतः सावरला तर दोन, धरले नाही तर पडेल अशी स्थिती असेल तर तीन. आपोआपच तोल जात असेल तर चार. एवढे करूनही जोर परीक्षकाच्या हातातच राहिला. तो प्रश्न त्याआधीच, २००६मध्ये मांडलेल्या वेगळ्या चाचणीने बराच सोडवला होता : रुग्णाने मागे परीक्षकाच्या तळव्यांवर रेलायचे आणि परीक्षकाने अचानक हात काढून घ्यायचे.

दरम्यान अमेरिकेत लुईस नॅशनर, फे होरॅक आदींनी सरकत्या फळीवर माणसे उभी करून स्नायूंची हालचाल नोंदवली. निरोगी माणूस बसलेला असेल तर फळी सरकल्यावर त्याचे पाय फारसे ताठत नाहीत. बसलेल्या रुग्णाचे पाय मात्र उभे असल्यासारखेच वागत राहिले. लेव्होडोपा या औषधाने हा ताठरपणा गेला नाही. बर्ग यांची १९८९ची ५६ गुणांची मोजपट्टी वृद्धांसाठी होती आणि तिच्यात अचानक धक्का नाही, म्हणून सौम्य आजारात ती जवळपास पूर्ण गुण देते. होरॅक यांच्या २००९च्या चाचणीसंचातून पुढल्या वर्षी निघालेली १४ कृतींची, २८ गुणांची छोटी आवृत्ती पार्किन्सन्ससाठी जास्त उपयोगी ठरली.

दवाखान्यात मात्र खांद्याचा हिसका टिकून आहे, कारण त्याला यंत्र लागत नाही. तो निर्दोष आला म्हणजे रुग्ण पडणारच नाही असे नव्हे. पुढे पडण्याचा सर्वांत भरवशाचा संकेत गेल्या वर्षभरात किती वेळा पडलात या साध्या प्रश्नाच्या उत्तरातून मिळतो.