त्रेपन्न हजार माणसं कुठे गेली?

‘बायकांचा फुटबॉल बघतं कोण?’ या वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असतं, पण तो प्रश्न नसतो, निकाल असतो. लोक बघत नाहीत म्हणून टीव्हीवर दाखवत नाहीत, पेपरात छापत नाहीत, मोठं मैदान देत नाहीत. ऐकायला सरळ हिशेब वाटतो. सॉफ्टवेअरच्या कामात मात्र एक गोष्ट पहिल्याच वर्षी शिकवली जाते. ग्राफ शून्यावर दिसला की आधी विचारायचं, लोक आलेच नाहीत, की आपलाच सर्व्हर बंद होता? महिला फुटबॉलच्या बाबतीत हा प्रश्न इंग्लंडला विचारून बघू. कारण तिथला सर्व्हर कोणी आणि कोणत्या तारखेला बंद केला, याची नोंद आहे.

गोष्ट सुरू होते पहिल्या महायुद्धात. पुरुष आघाडीवर गेले आणि कारखाने बायकांनी चालवले. प्रेस्टन गावातल्या ‘डिक, कर अँड कंपनी’च्या कारखान्यात एरवी ट्राम आणि रेल्वेचं सामान बनायचं, युद्धात तिथे दारूगोळा बनू लागला. तिथल्या कामगार मुली जेवणाच्या सुट्टीत अंगणात फुटबॉल खेळायच्या. १९१७च्या नाताळच्या दिवशी जखमी सैनिकांच्या मदतीसाठी त्यांचा सामना प्रेस्टनच्या डीपडेल मैदानावर ठेवला गेला. समोर दुसऱ्या एका कारखान्याच्या मुली होत्या. प्रेक्षक आले दहा हजार.

नवल म्हणून लोक एकदा येतात. इथे ते येतच राहिले. १९२०मध्ये फ्रान्सचा संघ आला, तेव्हा डीपडेलवर पंचवीस हजार लोक होते. डिसेंबरमध्ये तर लष्कराचे सर्चलाइट लावून रात्रीचा सामना झाला. चेंडू अंधारात दिसावा म्हणून त्याला पांढरा रंग फासला होता. पाथे कंपनीचे कॅमेरेही तिथे होते. म्हणजे थिएटरात सिनेमाआधी दाखवल्या जाणाऱ्या बातमीपटात या मुली होत्या. त्या काळात याहून मोठं कव्हरेज नव्हतं.

मग २६ डिसेंबर १९२०. लिव्हरपूलचं गुडिसन पार्क, डिक कर लेडीज विरुद्ध सेंट हेलेन्स. आत ५३,००० प्रेक्षक आणि बाहेर जागा न मिळालेले आणखी हजारो. डिक करची हुकमी स्ट्रायकर फ्लॉरी रेडफर्ड हिची ट्रेन चुकली होती. मग मागे खेळणारी कर्णधार अ‍ॅलिस केल दुसऱ्या हाफमध्ये पुढे आली आणि तिने हॅटट्रिक केली. सामना ४-०. मदतनिधीसाठी तीन हजार पौंडांच्या वर रक्कम जमली.

पुढच्या वर्षी, १९२१मध्ये, हा संघ ६७ सामने खेळला. एकूण प्रेक्षक सुमारे नऊ लाख. या मुली दिवसा कारखान्यात काम करत होत्या, हे लक्षात ठेवून तो आकडा पुन्हा वाचा. देशभरात असे दीडशेच्या आसपास संघ उभे राहिले होते.

आणि ५ डिसेंबर १९२१ला इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने, म्हणजे एफएने, ठराव केला. हा खेळ स्त्रियांसाठी योग्य नाही आणि त्याला उत्तेजन देऊ नये, असं त्यात होतं. जमलेल्या पैशातला फार मोठा भाग खर्चातच जातो आणि मदतनिधीपर्यंत पुरेसा पोचत नाही, असाही ठपका होता. वैद्यकीय मतंही हाताशी होती. हा खेळ बाईच्या शरीराला झेपणारा नाही, असं सांगणाऱ्यांत डॉ. मेरी शार्लीब ही नामवंत डॉक्टर स्वतः बाईच होती.

ठरावात न आलेल्या दोन गोष्टीही त्या वर्षी घडत होत्या. १९२१मध्ये खाणमालकांनी खाणकामगारांसाठी टाळेबंदी केली, तेव्हा महिला संघ त्या कुटुंबांसाठी सामने खेळू लागले. सैनिकांसाठी पैसे गोळा करणाऱ्या मुलींचं कौतुक झालं होतं. कामगारांसाठी पैसे गोळा करणाऱ्या मुली अनेकांना खुपल्या. दुसरी गोष्ट तिकीटबारीची. पुरुषांच्या लीगमध्ये नुकतीच तिसरी श्रेणी जोडली जात होती आणि त्या नव्या क्लबांना त्याच गावांतले प्रेक्षक हवे होते. यातल्या कोणत्या कारणाचं वजन किती, यावर इतिहासकार वाद घालतात. परिणामाबद्दल वाद नाही.

बंदीची रचना मात्र हुशार होती. बायकांना खेळायची मनाई नव्हती. फक्त एफएच्या क्लबांनी त्यांना मैदान द्यायचं नव्हतं. स्टँड असलेली जवळजवळ सगळी फुटबॉल मैदानं एफएच्या क्लबांचीच होती. मैदान गेलं की तिकीट गेलं, तिकीट गेलं की प्रवासखर्च गेला, मोठा सामना गेला की वार्ताहर गेला. एक वायर काढली आणि सगळी सिस्टिम आपोआप बंद पडली.

मुली खेळत राहिल्या. डिक करचा संघ १९२२मध्ये अमेरिकेला गेला आणि तिथे पुरुषांच्या संघांशी खेळला. मायदेशी रग्बीची मैदानं आणि मोकळी रानं होती. लिली पार ही त्यांची सर्वांत गाजलेली खेळाडू १९५१पर्यंत खेळली. संघ १९६५मध्ये बंद झाला. बंदी उठली १९७१मध्ये. एफएने माफी मागितली २००८मध्ये.

हे मधलं अर्धशतक म्हणजे ग्राफवरचं शून्य. या काळात ज्या पिढ्या वाढल्या, त्यांना वाटलं की असंच असतं. आजी मुलीला सामन्याला घेऊन गेली नाही, मुलगी नातीला घेऊन गेली नाही. पुरुषांच्या क्लबांना प्रेक्षक असे वारशाने मिळतात. बायकांच्या संघांचा वारसा मध्येच तुटला.

विमेन्स सुपर लीग २०११मध्ये आठ संघांनिशी सुरू झाली. पहिल्या सामन्याला, चेल्सी विरुद्ध आर्सेनल, २,५१० प्रेक्षक होते. गुडिसनच्या गर्दीच्या विसाव्या हिश्शाहूनही कमी, तेही नव्वद वर्षांनंतर. पुढे २०१८मध्ये लीग पूर्ण व्यावसायिक झाली. २०२१-२२पासून स्काय आणि बीबीसी यांनी प्रक्षेपण घेतलं. २०२२चा युरो कप इंग्लंडने घरच्या मैदानावर जिंकला, तेव्हा वेम्बलीत ८७,१९२ लोक होते.

यातला सर्वांत बोलका पुरावा आर्सेनलचा आहे. त्यांचा महिला संघ वर्षानुवर्षं बोरहॅमवुडच्या मैदानात खेळायचा. तिथे जेमतेम साडेचार हजार माणसं मावतात. त्या मैदानाच्या आकड्यावरून ‘मागणी’ मोजली, तर उत्तर कायम साडेचार हजारांच्या आतच येणार. क्लबने मोठे सामने एमिरेट्स स्टेडियमवर न्यायला सुरुवात केली आणि फेब्रुवारी २०२४मध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्ध ६०,१६० लोक आले. लीग तीच, संघ तोच. बदललं होतं दार.

पण दार उघडलं की काम संपलं, असंही नाही. २०२४-२५च्या हंगामात लीगची सरासरी गर्दी आधीच्या वर्षापेक्षा घटली. आर्सेनलच्या जवळपास फिरकणारा दुसरा क्लब नाही. एखाद्या मोठ्या सामन्याला येणारा प्रेक्षक आणि पावसात तळाच्या संघासाठी येणारा प्रेक्षक वेगळे असतात. हा दुसरा प्रेक्षक घडायला वीस-पंचवीस वर्षं लागतात. तोडायला एक बैठक पुरली होती.

इंग्लंडमध्ये महिला क्लबांच्या सामन्याला गुडिसनहून जास्त गर्दी जमायला मे २०२३ उजाडावा लागला. त्याच महिन्यात चेल्सी आणि मँचेस्टर युनायटेडच्या एफए कप फायनलला ७७,३९० लोक आले. तोवर त्या त्रेपन्न हजारांचा आकडा १०२ वर्षं टिकला होता. विक्रम इतका टिकला की आपण खेळाडूंचं कौतुक करतो. या विक्रमाच्या वयात मात्र खेळाडूंचं कर्तृत्व थोडं आणि बंदीचं जास्त आहे.

२०२५मध्ये एव्हर्टनचा पुरुष संघ नव्या स्टेडियममध्ये गेला. रिकाम्या झालेल्या गुडिसन पार्कचं पाडकाम होणार होतं, पण ते क्लबच्या महिला संघाला घर म्हणून देण्यात आलं. आता तिथे त्या दर हंगामात खेळतात. स्टँड अजून भरत नाहीत. पण आता तिथे मोकळी खुर्ची दिसली, तर ती नुसती मोकळी खुर्ची असेल, कुलूप लावलेला दरवाजा नसेल.