गुडघ्याची कूर्चा आणि घरचा उपचार

गुडघ्यातील हाडांच्या टोकांवरील कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. म्हणून ती एकदा झिजली की सहसा भरून येत नाही. स्कॉटिश शरीररचनातज्ज्ञ विल्यम हंटर यांनी ही गोष्ट 1743 मध्येच नोंदवली होती.

पुणे जिल्ह्यातील जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात यात्रेतील कुस्त्यांची जुनी परंपरा आहे. कुस्तीत गुडघा दुखावला की निरगुडीच्या पाल्याचा शेक, हळदीचा लेप, तेलाचे मालीश आणि घट्ट पट्टी हे ग्रामीण महाराष्ट्रातील नेहमीचे उपाय. शेकाने वेदना कमी होई, पट्टीने सांध्याला आधार मिळे. कूर्चा मात्र सांधत नसे. शिवाय दीर्घ विश्रांतीने मांडीचे स्नायू आटत आणि गुडघ्यावरचा भार वाढे.

1940च्या दशकात अमेरिकी डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांनी जखमी सैनिकांच्या स्नायूंची ताकद परत आणण्यासाठी हळूहळू वजन वाढवत नेणारा व्यायाम रूढ केला. मुंबईत 1950च्या दशकात केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले, तर 1955 मध्ये अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था उभी राहिली. व्यायामाने स्नायू बळकट करण्याचा विचार असा पसरत गेला.

आजच्या घरगुती क्रमात आधी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबणे, मग पाय सरळ ठेवून उचलणे आणि शेवटी भिंतीच्या आधाराने अर्धे बसणे येते. गुडघा अडकत असेल किंवा सूज उतरत नसेल, तर मात्र अस्थिरोगतज्ज्ञाची तपासणी आवश्यक ठरते.