ससा, तितर आणि पॉइंट टू-टू

भिवंडीहून वाड्याच्या रस्त्याला लागलं की यंत्रमागांची खडखड मागे पडते आणि तानसा अभयारण्याकडचं रान जवळ येतं. आज तिथे विनापरवानगी बंदूक नेणं गुन्हा. पण ससा-तितराची शिकार एके काळी कायद्यात बसत होती.

एवढ्याशा सावजाला वाघाची रायफल लावली तर मांसाच्या चिंध्याच व्हायच्या. त्यासाठी ‘पॉइंट टू-टू’ रायफल. तिचं काडतूस अमेरिकेतलं: ‘शॉर्ट’ १८५७चं, ‘लाँग रायफल’ १८८७चं. चाप ओढला की पिन काडतुसाच्या बुडाच्या मधोमध नव्हे, कडेवर आपटते. पेट घेणारा मसाला त्या कडेतच असतो. म्हणून ही रिमफायर. गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची.

नेम मात्र आधी जुळवावा लागे. रायफल वाळूच्या पोत्यावर टेकवून तीन गोळ्या झाडायच्या. तिन्ही एकत्र, पण डावीकडे पडल्या तर नेम धरायची मागची खाच उजवीकडे सरकवायची.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात लहान शिकारीचा वेगळा परवाना होता. १९९१च्या दुरुस्तीने तो गेला.

रायफल उरली नेमबाजीच्या मैदानात. २०१०मध्ये म्युनिकला कोल्हापूरची तेजस्विनी सावंत विश्वविजेती झाली. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांबळवाडीच्या स्वप्निल कुसळेने कांस्य जिंकलं. दोघांचंही अंतर ५० मीटर, आणि दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं.